लेक फोर्कच्या बुडालेल्या झाडांसाठी बारा फुटी कयाक : कामाच्या नोंदी

काम असं : जुनी, वर बसायची १२ फुटी प्लास्टिक कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात लेक फोर्क या तलावावर लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा धरण्याजोगी करायची. सबीन नदीच्या एका उपनदीवर धरण बांधून १९८० साली हा तलाव झाला. पाणी भरण्याआधी बरीच झाडं तोडलीच नाहीत, त्यामुळे सुमारे २७ हजार एकरांच्या पाण्यात आजही वाळलेली खोडं उभी आहेत. राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ साली इथेच निघाला. या खोडांत कयाक जागेवर धरता आली नाही, तर गळाची काठी कितीही चांगली असली तरी उपयोग शून्य. म्हणून पैसा आणि वेळ आधी कयाक स्थिर धरण्यावर घातला आहे, गळ-आमिष त्यानंतर.

११ जानेवारी : तपासणी

कयाक जुनी, ४५० डॉलर. वजन ७० पौंड, क्षमता ३५० पौंड. क्षमतेचा हा आकडा म्हणजे कयाक बुडणार नाही एवढंच. नीट वल्हवता यावी असं वाटत असेल तर त्याच्या ७० टक्क्यांवर थांबायचं, म्हणजे माणूस आणि सामान मिळून २४५ पौंड. पुढचं सगळं सामान याच हिशेबात बसवायचं आहे.

अंधाऱ्या गॅरेजमध्ये हॅचमधून (डेकवरच्या झाकणाच्या तोंडातून) पेटता टॉर्च आत सोडला आणि बाहेरून पाहिलं. प्लास्टिक घासून पातळ झालंय तिथे उजेड जास्त झिरपतो. मागच्या टोकाखाली, जिथे लोक कयाक जमिनीवरून ओढतात, तिथे असा पट्टा दिसला, पण भोक नाही. मग आत साधारण १५ लिटर पाणी ओतून कयाक चारही बाजूंनी कलती केली. मागच्या डाव्या स्कपरच्या (डेकवरचं पाणी खाली जाण्यासाठी असलेल्या आरपार भोकाच्या) आतल्या बाजूने पाणी ठिबकलं. दीड इंचाची केसासारखी चीर.

ही चीर जुन्या कयाकमध्ये फार वेळा सापडते. स्कपरमध्ये खुंट्या घालून कयाक उचलणारी चाकगाडी असते, तिच्यावर भरलेली कयाक खडबडीत रस्त्याने नेली की सगळा भार त्या पातळ नळीवर येतो. कयाक खालून तोलणारी, पट्ट्यांची पाळण्यासारखी गाडी घ्यावी. जुनी कयाक घेताना स्कपरमध्ये बोट फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१२ जानेवारी : चीर सांधणं

कयाकचं प्लास्टिक म्हणजे पॉलिएथिलीन. त्याला इपॉक्सी धरत नाही, सिलिकॉनही काही दिवसांत सालीसारखं सुटतं. प्लास्टिकलाच वितळवून जोडावं लागतं. (क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनची कयाक असेल तर हा उपाय चालत नाही, ते वितळतच नाही. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तापवून पाहावं.)

जोडायला प्लास्टिक कुठून आणायचं? पाठीमागे हात घालायला ६ इंचांचं गोल झाकण बसवायचंच होतं. ते भोक कापल्यावर जी चकती निघाली, तिच्याच पाव इंच रुंद पट्ट्या कापल्या. त्याच साच्यातलं प्लास्टिक असल्यामुळे बाजारातल्या कुठल्याही कांडीपेक्षा चांगलं मिसळतं.

पद्धत : चिरेच्या दोन्ही टोकांना १/८ इंचाचं भोक, म्हणजे चीर पुढे धावत नाही. चाकूने चिरेवर व्ही आकाराची खाच, साधारण अर्ध्या जाडीपर्यंत. पहिला सांधा गार झाल्यावर नखाने उचकटला. कारण साधं : पट्टी वितळली होती, खालची भिंत थंडच होती. दुसऱ्या वेळी हीट गन आधी भिंतीवर धरली. पृष्ठभाग मळकट दिसतो, मग अचानक ओला झाल्यासारखा चकाकतो. तो क्षण आला की पट्टी त्यात दाबायची, तीही तशीच चकाकत असली पाहिजे. तपकिरी झाक आली म्हणजे प्लास्टिक जळलं, ते खरवडून पुन्हा सुरुवात. नंतर आतल्या बाजूने स्टेनलेस जाळीचा तुकडा सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये बुडवला आणि वर पातळ थर ओढला.

दुपार गेली. जाळी ८ डॉलर, झाकण १४. रात्रभर आत पाणी ठेवलं, खाली कागद अंथरला. सकाळी कागद कोरडा.

१८ जानेवारी : भोकं पाडण्याआधी

ड्रिल हातात घेण्याआधी कयाकमध्ये बसून वल्हं चालवावं आणि हात, कोपर, वल्ह्याचं पातं जिथे जिथे जातं तिथे मास्किंग टेप लावावी. काठी ठेवायच्या नळ्या सीटच्या बाजूला छान दिसतात, पण प्रत्येक वल्ह्याला बोटं आपटतात. दोन्ही नळ्या सीटमागे, बाहेरच्या बाजूला कलत्या बसवल्या.

मात्र झाडांत शिरताना काठ्या उभ्या ठेवता येत नाहीत. फांदीत अडकली की टोक मोडतं, नाहीतर काठीच मागच्या मागे पाण्यात जाते. म्हणून पुढच्या डेकवर दोन काठ्या आडव्या ठेवण्याची सोय केली : पायाजवळ मूठ अडकवायला कप, पुढे बंजीची (लवचिक रबरी दोरीची) दोन वेटोळी. टोकं कयाकच्या पुढच्या टोकाबाहेर जाता कामा नयेत, नाहीतर पहिल्याच खोडाला टेकतात.

ट्रॅक (सामान अडकवायच्या खाचेच्या पट्ट्या) बसवताना ३/१६ इंचाचे तीन पाकळ्यांचे रिव्हेट वापरून पाहिले. सरळ ओढ त्यांना सोसते. काठीची नळी लांब तरफेसारखी हलते, तशी ओढ सोसत नाही, एक रिव्हेट हलून भोक अंडाकृती झालं. आता नियम असा ठेवला आहे : हात आत पोहोचतो तिथे १० नंबरचा स्टेनलेस बोल्ट, मागे रुंद वॉशर आणि नायलॉनचा लॉक नट. हात पोहोचत नाही तिथे रबरी वेलनट, म्हणजे बोल्ट आवळला की आत फुगून बसणारा नट (१० नंबरला ३/८ इंचाचं भोक). रिव्हेट फक्त दोरीच्या कड्यांना. भोक पाडल्यावर कडेचा भुगा चाकूने काढावा, नाहीतर वॉशर सपाट बसत नाही आणि तिथूनच पाणी शिरतं.

२५ जानेवारी : नांगराची सरकती दोरी

या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. नांगर कयाकच्या मधोमध, बाजूला बांधला तर वारा कयाक आडवी धरतो आणि कड पाण्याखाली ओढली जाते, उलटण्याचा राजमार्ग. म्हणून ओढ नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकावर आली पाहिजे, आणि ती बसल्या जागेवरून बदलता आली पाहिजे.

दोन्ही टोकांना एकेक छोटी कप्पी, त्यातून फिरणारी बंद दोरी, मध्ये एक स्टेनलेस कडी. दोरी ओढली की कडी पुढे-मागे सरकते. हाताशी झिगझॅग क्लीट, तिथे दोरी अडकवली की कडी जागच्या जागी. मागच्या कप्पीला ८ इंच बंजी, त्यामुळे दोरी ताणलेली राहते.

पॅराकॉर्ड स्वस्त म्हणून ती आधी ओवली होती. नायलॉन भिजलं की लांबतं. बागेतल्या नळाने भिजवल्यावर दोरी इतकी सैल लोंबायला लागली की वल्हं त्यात अडकलं असतं. ४ मिलिमीटरची पॉलिएस्टर दोरी घातली, ताण टिकला. कप्प्या, कडी, क्लीट, दोरी मिळून ३८ डॉलर. तयार संच विकत मिळतो, त्यात दोरी कसली आहे ते पाहून घ्यावं.

१ फेब्रुवारी : फिशफाइंडर आणि बॅटरी

फिशफाइंडर म्हणजे ध्वनिलहरींनी (सोनारने) पाण्याखालचं दाखवणारं यंत्र. हे पाच इंची पडद्याचं, डाउन इमेजिंग (खालचं बारीक चित्र) असलेलं. ट्रान्सड्यूसर (लहरी सोडणारा आणि टिपणारा भाग) कयाकच्या आत, तळाला डक्ट सीलच्या (चिकट लांबीच्या) गोळ्यात दाबून बसवायची पद्धत जुनी आहे. साध्या सोनारला ती चालते, हवेचा बुडबुडा राहिला नाही तर खोली बरोबर दिसते. पण दोन गोष्टी जातात. पाण्याचं तापमान दिसत नाही, प्लास्टिकचं दिसतं. आणि डाउन इमेजिंगचं चित्र धुरकट होतं. इथे खोडं, फांद्या, त्यांना चिकटलेले मासे वेगवेगळे दिसणं हाच यंत्र घेण्याचा हेतू आहे, आणि फेब्रुवारीत तापमानावरच सगळं ठरतं. म्हणून ट्रान्सड्यूसर बाजूच्या ट्रॅकवरून खाली सोडायच्या दांडीवर घेतला. उथळ जागी खोडाला लागून दांडी मागे मुडपली पाहिजे, घट्ट आवळू नये.

बॅटरी : १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड पाच पौंडांची, आणि निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते. त्याऐवजी १० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट, वजन पावणेतीन पौंड. यंत्र पाऊण अँपिअरच्या आसपास खातं, दिवस आरामात निघतो. चार्जर या बॅटरीसाठीचाच हवा, १४.६ व्होल्टवर थांबणारा. पडद्यावरचा व्होल्टेज पाहून किती चार्ज उरला हे मात्र कळत नाही. ही बॅटरी शेवटपर्यंत १३ च्या आसपास दाखवते आणि मग एकदम बंद पडते. धन तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ ३ अँपिअरचा फ्यूज लावला.

बॅटरीचा डबा आधी मागच्या खणात ठेवला होता. मागचं टोक खाली गेलं, पुढचं वर आलं आणि वाऱ्यात कयाक भरकटायला लागली. डबा पायापुढच्या हॅचमध्ये हलवला. बॅटरी १०५ डॉलर, दांडी ४५.

८ फेब्रुवारी : मुद्दाम उलटवणं

गरम पाण्याच्या पोहण्याच्या तलावात, परवानगी काढून, सगळं सामान बांधून कयाक उलटवली. हे न करता तलावावर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

परत चढण्याची रीत : उलटी कयाक पलीकडची कड धरून सरळ करायची. मग पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारायचे आणि पोटावर आडवं पडायचं. मग पाठ फिरवून सीटवर बसायचं, शेवटी पाय आत. हाताच्या जोरावर उभं चढायला गेलं की कयाक पुन्हा अंगावर येते. सीटसमोर उंच काही बसवलं असेल तर पोट तिथेच अडकतं. फिशफाइंडरचा खांब त्यामुळे एक हात पुढे सरकवला.

आमिषांचा डबा झाकण उघडून रिकामा झाला. सगळ्या डब्यांना आता रबरी पट्टा. काठ्यांना लांब दोरी बांधली तर ती पाण्यात पायाला गुंडाळते, म्हणून दोरी आखूड आणि मुठीपाशी फोमचं नळकांडं. वल्ह्याला दोरी हवीच. लाइफ जॅकेट टेक्ससमध्ये १३ वर्षांखालच्यांनी अंगात घालणं बंधनकारक आहे, मोठ्यांनी जवळ ठेवलं तरी कायदा भागतो. पण कयाकवर ते अंगातच हवं, थंड पाण्यात पडल्यावर बांधायला हात चालत नाहीत. पाणी ६० फॅरेनहाइटच्या खाली असेल तर वेटसूट किंवा ड्रायसूट. जॅकेटला शिट्टी आणि छोटा चाकू, मागे चार फुटी काठीवर केशरी झेंडा.

१५ फेब्रुवारी : काठ्या, दोरे, गळ

तीनच काठ्या. चौथी घेतली की ती फक्त अडकते.

पहिली : ७ फुटी, मीडियम हेवी (जरा ताठ), फास्ट (टोकाशीच वाकणारी), ७.१:१ चं (मुठीच्या एका फेऱ्यात ७.१ फेरे घेणारं) बेटकास्टिंग रीळ, १७ पौंडी (तेवढी ओढ सोसणारा) फ्लुरोकार्बनचा दोरा. टेक्सस रिगसाठी, म्हणजे गळाचं टोक मऊ आमिषात लपवून पुढे वजन ओवायच्या पद्धतीसाठी. यापेक्षा आखूड काठी कयाकवर नको, कारण मासा पुढच्या टोकाखालून पलीकडे गेला की काठीचं टोक वळसा घालून पलीकडे नेता आलं पाहिजे. मागची मूठ मात्र आखूड हवी, लांब मूठ जॅकेटमध्ये अडकते.

दुसरी : ७ फुटी, मीडियम, थोडी मऊ, १५ पौंडी दोरा, अर्ध्या औंसाचा लाल लिपलेस क्रँकबेट (पुढे जीभ नसलेलं, माशाच्या आकाराचं कडक आमिष). हिवाळा संपताना पाण्याखालच्या उरल्यासुरल्या हायड्रिला या पाणगवतावरून हा ओढायचा, गवतात अडकला की झटक्याने सोडवायचा. मासा घेतो तो बहुतेक त्या सुटण्याच्या क्षणी.

तिसरी : ५० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पोकळ रबरी बेडकासाठी, गवत वर आल्यावर. महाराष्ट्रात मरळीसाठी जो रबरी बेडूक वापरतात तोच प्रकार.

टेक्सस रिग : ४/० मापाचा रुंद पोटाचा गळ, क्रीचर बेट (पाय-मिशा असलेलं मऊ आमिष), ३/८ औंसाचं टंगस्टनचं गोळीसारखं वजन. टंगस्टन शिशाच्या सुमारे १.७ पट घन, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लहान होते आणि फांद्यांच्या बेचक्यात कमी रुतते. वजनामागे रबरी स्टॉपर लावून ते आमिषाला भिडवून ठेवायचं. मोकळं सोडलं तर वजन फांदीच्या एका बाजूला पडतं, आमिष दुसऱ्या बाजूला लटकतं. फ्लुरोकार्बनची गाठ आवळताना थुंकीने ओली केलीच पाहिजे, कोरडी आवळली की घर्षणाने दोरा दुखावतो. खोडाला घासून आलेला दोरा दोन बोटांतून फिरवून पाहावा, खरखरीत लागला तर तीन फूट कापून पुन्हा बांधावा.

२२ फेब्रुवारी : पाण्यावर, नांगराचा निकाल

पाणी ५४ फॅरेनहाइट, दक्षिणेचा वारा, ताशी १२ मैलांच्या आसपास.

तीन पौंडी, घडी होणारा चार नखांचा नांगर बुडालेल्या झाडात रुतला. तो सोडवायला वर ओढलं की कयाकचं टोकच खाली जातं. दोरी सोडून द्यावी लागली. दोरीच्या टोकाला बोया होता म्हणून नंतर वाऱ्याच्या उलट दिशेने जाऊन ओढता आलं, अर्धा तास गेला. उभ्या झाडांत नखांचा नांगर वापरू नये. नांगराच्या दोरीला झटक्यात सुटणारी कडी आणि बोया नसेल, तर मोकळ्या पाण्यातही वापरू नये.

त्याऐवजी दोन गोष्टी. एक, दात असलेला स्प्रिंगचा चिमटा, सहा फूट दोरीवर, सरकत्या कडीला बांधलेला. तो फांदीला लावायचा, कडी टोकाकडे सरकवायची, कयाक वाऱ्याकडे तोंड करून थांबते. दोन, सहा फुटांपर्यंतच्या पाण्यात चिखलात खुपसायची आठ फुटी फायबरग्लासची काठी. पाऊण इंची पीव्हीसी नळी करून पाहिली, ती वाकते आणि चिखलातून उडी मारून निघते.

चिमटा कुठल्या झाडाला लावायचा हे पाहूनच. ही झाडं चाळीस वर्षांहून जास्त काळ मेलेली आहेत. वरच्या फांद्या धक्क्याने सुटतात, डोक्यावर जाड फांदी असेल त्या खोडाला हात लावू नये. उन्हाळ्यात गांधीलमाश्यांची पोळीही तिथेच. आणि झाडांतून बोटींसाठी मोकळे केलेले रस्ते आहेत, तिथे बास बोटी सुसाट येतात. ते काटकोनात, पटकन ओलांडावेत, त्यात थांबू नये.

१ मार्च : कयाक सरकते तेव्हा आमिष कुठे जातं

पाणी ५८. मादी बास अंडी घालायच्या उथळ जागांबाहेर, तलावाच्या आत शिरलेल्या फाट्यांच्या कडेच्या खोडांशी थांबण्याचे दिवस.

कयाक मोकळी ठेवून टेक्सस रिग खोडाशी टाकली तर चावा नाही. चिमटा लावून त्याच खोडांवर टाकली तर चावे. फरक कशाचा, ते चार फूट पाण्यात नजरेसमोर पाहता आलं. कयाक एक फूट जरी मागे गेली, तरी दोरा ताणला जातो आणि आमिष सरळ खाली जाण्याऐवजी झोका घेत आपल्याकडे येतं. तळाला पोहोचेपर्यंत ते खोडापासून दोन-तीन फूट दूर. थंड पाण्यातला बास खोडाला चिकटून असतो, एवढ्यासाठी तो हलत नाही. म्हणजे आमिष पाण्याला टेकलं की काठीचं टोक खाली, रिळातून हाताने दोन फूट दोरा मोकळा, आणि आमिष तळ गाठेपर्यंत दोरा नुसता पाहायचा. मध्येच दोरा थांबला किंवा बाजूला सरकला तर मासा आहे.

हिसका देण्याची बोटीवरची पद्धत इथे लागू पडत नाही. बसून वर हिसका दिला की निम्मी ताकद कयाकच पुढे ओढण्यात जाते, गळ तोंडात नीट रुतत नाही. आधी ढील रिळात घ्यायची, मग काठी पाण्याला समांतर, कयाकच्या लांबीला धरून माशापासून दूर झाडून न्यायची आणि रीळ फिरवत राहायचं. बाजूला काटकोनात झटका दिला की कयाक कलते. त्यानंतरचा पहिला सेकंद महत्त्वाचा. तीन-चार पौंडांचा बाससुद्धा मोकळी कयाक खोडात ओढून नेतो. चिमटा लावलेला असेल तर कयाक जागेवर राहते आणि मासा मोकळ्या पाण्याकडे वळवता येतो.

८ मार्च : मोजणं आणि सोडणं

लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावा लागतो. दिवसाला पाच, त्यांत २४ इंच किंवा वरचा एकच. त्यामुळे अचूक मोजपट्टी हे इथे गरजेचं सामान आहे. पट्टी आधी ओली करावी. उन्हात तापलेल्या पट्टीवर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. तोंड मिटलेलं, नाक कडेला टेकलेलं. पट्टी मांडीवर ठेवायची ती मासा जाळ्यातून उचलायच्या आधी. पट्टीला मागून फोम चिकटवला, नाहीतर हातातून सुटली की थेट तळाला.

जाळं रबरी हवं. सुती जाळ्यात लिपलेसचे दोन तीन-टोकी गळ असे गुंततात की मासा तोवर हवेतच. गळ काढायला लांब पक्कड, आणि ती दोरीने बांधलेली. मोठा बास खालच्या जबड्याला धरून आडवा उचलू नये, दुसरा हात पोटाखाली द्यावा.

शेअरलंकर नावाच्या राज्याच्या योजनेत १३ पौंड आणि वरचा बास १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात प्रजननासाठी दिला जातो. १९८६ साली ही योजना सुरू झाली तेव्हा पहिला मासाही लेक फोर्कचाच होता, १७.६७ पौंडांचा. ८ पौंड किंवा २४ इंचांवरचे मासे वर्षभर फोटोसह नोंदवता येतात. म्हणून तराजू आणि फोन हाताशी, जॅकेटच्या खिशात.

१५ मार्च : धुणं आणि हिशेब

काठावर आल्यावर स्कपर, सरकती दोरी आणि ट्रान्सड्यूसरच्या दांडीतून गवताचा कण न् कण काढावा, आतलं पाणी पूर्ण काढून टाकावं. टेक्ससमध्ये हा कायदा आहे. कप्प्यांच्या आत गवत हमखास राहतं, तिथे बोट घालून पाहावं.

सांधलेला स्कपर कोरडा. पुढच्या ट्रॅकचे दोन वेलनट सैल झाले होते. बोल्ट फार आवळला की रबर फाटतं. हाताने घट्ट, मग अर्धा फेरा, एवढंच.

खर्च, काठ्या-रिळं आणि फिशफाइंडर सोडून : कयाक ४५०, जाळी आणि झाकण २२, ट्रॅक, बोल्ट, नळ्या ७४, सरकती दोरी ३८, बॅटरी १०५, दांडी ४५, फायबरग्लासची काठी ५५, चिमटा २०. एकूण ८०९ डॉलर. बिनमोटरची कयाक नोंदवावी लागत नाही. छोटी विजेची मोटर लावली की नोंदणी आली, ती तूर्त लावत नाही.

गवत वर यायच्या आत एक बदल करायचा आहे : चिमट्याची दोरी सहा फुटांऐवजी तीन फूट. सहा फुटांवर कयाक अजून झुलते.